छातीतली शिटी

कोसमटोल्यात दिवस मावळल्यावर कोणी शिटी वाजवत नाही. मी बदली होऊन तिथे गेलो, तेव्हा ही गोष्ट मला एका मुलीने शिकवली. सोमारी तिचं नाव. गावचा पुजारी सुकलू, त्याची ती नात. संध्याकाळच्या वर्गात कुणीतरी पपईच्या देठाची पिपाणी वाजवली, तशी हिने ती हिसकावून घेतली आणि पायाखाली चिरडली.

"काऊन गं?" मी विचारलं.

"गुर्जी, दिस बुडाला ना. आता वाजवली तं तो उत्तर देते."

"तो कोण?"

"तो," सोमारी म्हणाली, आणि पाटीवर मान घालून बसली.

हे त्र्याऐंशी सालचं. कोसमटोला सिंदेवाहीपासून बराच आत, सागाच्या जंगलात. दिवसाची शाळा सरकारी होती. संध्याकाळची माझी होती. गावातली निम्मी मुलं दिवसभर गुरांमागे रानात असत. गुरं गोठ्यात बांधून झाली की ती हातपाय धुऊन माझ्याकडे येत, आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही अक्षरं गिरवत असू. हा वर्ग कुठल्याही कागदावर नव्हता. मी गेलो तर तो माझ्याबरोबरच जाणार होता. सोमारी नुकतीच एक सबंध ओळ न अडखळता वाचू लागली होती.

त्या पावसाळ्यात मला ताप आला. ताप उतरला, खोकला राहिला. दिवाळीपर्यंत माझी छाती वाजू लागली. श्वास आत जाताना काही नाही. बाहेर पडताना मात्र शिटी येई. आधी लांब, मधे एक बारीकशी अडखळ, मग आखूड. लहानपणी मला असलं काही झालं नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दमा नव्याने लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी वर्गात पाढे चालले होते. मी सांगत होतो, मुलं माझ्यामागून म्हणत होती. सातच्या पाढ्यात मला दम लागला. मी थांबलो, आणि त्या शांततेत माझी छाती वाजली. लांब, अडखळ, आखूड.

शाळेमागच्या सागांतून उत्तर आलं. लांब, अडखळ, आखूड.

एकही मूल ओरडलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी गुपचूप पाट्या गोळा केल्या आणि एकमेकांचे हात धरून घरी गेली. सकाळी शाळेशेजारच्या नीलाबाईची शेळी खुंट्याला नव्हती. दावं तसंच होतं, गाठ न सुटलेलं. रक्त नाही, पाऊल नाही.

पुढच्या संध्याकाळी थोडी मुलं आली. त्याच्या पुढच्या संध्याकाळी कुणीच नाही. मी कंदील लावून बसून राहिलो. माझी छाती वाजायची, रान वाजायचं. मी तोंडावर पंचा दाबून धरायचो, तेव्हा शिटी आणखी बारीक आणि आणखी लांब व्हायची.

सुकलू माझ्याकडे आला तो भांडायला नाही. तो सोप्यात उकिडवा बसला, तंबाखू मळली, आणि मग बोलला.

"गुर्जी, तुमी मानूस चांगले हाव. पन तुमी त्याले रोज बोलावून राह्यले."

"मी नाही बोलावत, सुकलूभाऊ. माझी छाती वाजते."

"मंग छाती बोलावते. त्याले का फरक पडते?"

मला खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत तो थांबला.

"होळीपावेतो पाहू," तो म्हणाला. "थांबली तं बेसच. नाई थांबली तं साहेबाले सांगून तुमची बदली मागू. राग नोका मानू जी. लेकरं भेतेत."

जाताना तो एक उपाय देऊन गेला. सालईच्या झाडाचा डिंक आणि कडुलिंबाचा वाळला पाला. खापरात निखारे घ्यायचे, त्यावर हे टाकायचं आणि दिवस बुडताना खाटेखाली ठेवायचं. धूर असला की तो आत येत नाही.

मी नको म्हणालो. आमच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. मी मुलांना वीज का चमकते ते शिकवणारा माणूस. माझी बायको कांता मात्र खापर घेऊन आली.

"डासासाठी समजा," ती म्हणाली. "डासाले का धर्म असते?"

मग मीही डासांसाठी समजलो. खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी मला त्या धुराचा आधार वाटला. दारं लावलेली, खोली गोड वासाने भरलेली, आणि बाहेर जे काही होतं ते बाहेर. पण छाती जास्तच वाजू लागली. छाती जास्त वाजते म्हणून सुकलू जास्त डिंक आणून देऊ लागला. खाटेखालचं खापर मोठं झालं. थंडी पडली तसे आम्ही खिडकीच्या फटीही चिंध्यांनी बुजवल्या.

पौषातल्या एका सकाळी मला उताणं झोपता येईना. बसून, गुडघ्यांवर हात रोवून मी एकेक श्वास ओढत होतो. दोन शब्द बोललो की तिसऱ्याला हवा पुरत नव्हती. कांताने शेजारच्या देवरावची बैलगाडी जुंपायला लावली, पुढे एस.टी. आणि दुपारी आम्ही सिंदेवाहीला डॉक्टर नजमाबाईंच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान होत्या, बारीक अंगाच्या, आवाजाने मोठ्या. त्यांनी आधी मला बोलूच दिलं नाही. एक निळा पंप माझ्या तोंडाशी धरला.

"श्वास पूर्ण सोडा. आता हळू आत घ्या, मी दाबते. हं. धरून ठेवा. धरा, धरा... सोडा. परत एकदा."

थोड्या वेळाने पुन्हा दिला. मग पुन्हा. माझे खांदे हळूहळू खाली आले. कांता मात्र दाराशी उभी राहून रडत होती.

"बाई, काय झालं?"

"पंप लावला ना जी तुम्ही. पंप लागला म्हंजे शेवटचंच असते म्हनतेत."

"कोण म्हणते? जे पंप न घेता गेले ते?" बाई म्हणाल्या. "बसा इथं. गोळी पोटात जाते, रक्तात जाते, सगळ्या अंगात फिरते आणि मग छातीत. हे सरळ छातीत जाते, तेही जरासंच. घाबरायचं तर गोळ्यांना घाबरा."

मग त्यांनी टेबलावरची काडेपेटी उचलली. एक काडी पेटवून माझ्या तोंडापासून वीतभर धरली.

"विझवा. ओठ चंबू नाही करायचे. तोंड आ करून, नुसत्या श्वासाने."

मी फुंकलं. ज्योत हलली, पण विझली नाही. दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा ती मागे न जाता माझ्याकडेच वाकली, असा मला भास झाला. जणू पलीकडून कुणी फुंकत होतं. 

"पंपाआधी धरली असती तर एवढीही हलली नसती," बाई काडी झटकत म्हणाल्या. "आता सांगा. केव्हापासून?"

मी सांगितलं. ताप, खोकला, थंडी, भाताच्या मळणीची धूळ, पहाटे वाढणारा दम. त्या ऐकत होत्या. मधेच त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या सदऱ्याची बाही नाकाशी नेली.

"घरात काय जाळता?"

मी कांताकडे पाहिलं.

"गुरुजी, हा चुलीचा वास नाही. हा सालईचा आहे. माझे अब्बा लाकडाच्या ट्रकवर होते, मला जंगलातला प्रत्येक धूर कळतो. कुठं जाळता?"

"खाटेखाली," कांता म्हणाली.

"कुणाच्या?"

कांताने माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! आणि हे मास्तर! दमेकऱ्याला खाटेवर ठेवून खालून धुरी देता? मासे भाजता का?"

मला हसू आलं आणि खोकलाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. शिटीचं, उत्तराचं, शेळीचं, होळीचं. सांगताना मला वाटलं होतं की त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्टेथोस्कोपची टोकं माझ्या कानात घातली आणि दुसरं तोंड माझ्याच छातीवर ठेवलं.

"ऐका."

मी माझं आतलं पहिल्यांदा ऐकलं. एक शिटी नव्हती ती. शेकडो होत्या. बारीक, जाड, दूरच्या, जवळच्या. रानात शिरावं आणि चहूकडून काहीतरी एकमेकांना हाका मारत असावं, तसं. मी घाईघाईने टोकं कानातून काढली.

"भ्यायलात? ते श्वासाचे रस्ते आहेत. आतून सुजले आहेत, वर चिकटा, आणि भोवतीचे स्नायू आवळलेले. अरुंद रस्त्यातून हवा गेली की वाजते."

"पपईच्या देठासारखी," मी म्हणालो.

"बघा, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगता येते. धूर सूज वाढवतो, सूज शिटी वाढवते, शिटी वाढली की तुम्ही धूर वाढवता. तुम्ही स्वतःच त्याला पोसून राह्यले, गुरुजी."

त्यांनी टेबलावर दोन पंप ठेवले. "हा निळा. दम लागला की घ्यायचा, आवळलेलं सोडवतो. हा तपकिरी. हा सूज उतरवतो. रोज सकाळ-संध्याकाळ, घेतल्यावर चूळ भरायची. याचा गुण लगेच कळणार नाही, आठवडा-दोन आठवडे लागतील. आणि बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. नीट ऐका, कारण मास्तर लोक अर्धं ऐकतात आणि पूर्ण शिकवतात. दमा जात नाही. तो गप्प बसतो. दाराबाहेर जाऊन बसतो. तुम्ही हा सोडला की तो उठून आत येतो."

 धूर देताना सुकलूही जवळजवळ असंच बोलला होता.

"आणि निळ्याने आराम पडला नाही, बोलता येईना, ओठ काळेनिळे दिसले, तर वाट पाहायची नाही. निळा घेत घेत निघायचं आणि इथं यायचं."

मी उठताना विचारलं, "बाई, पण उत्तर कोण देते?"

"रानकुत्रे शिटी देऊन एकमेकांना बोलावतात, असं अब्बा सांगायचे. शेळीही त्यांनीच नेली असेल," त्या म्हणाल्या. मग काडेपेटी हातात घेत, "तुमच्या छातीतल्या शिटीचा इलाज माझ्याकडे आहे, गुरुजी. बाहेरच्या शिटीचा नाही."

त्यांनी आणखी एक काडी पेटवली. मी तोंड उघडून श्वास सोडला. यावेळी ज्योत विझली.

गावात परतल्यावर अवघड काम धुराचं होतं. मी खापर घेऊन सुकलूकडे गेलो. धूर खोटा आहे असं मी म्हणालो नाही. माझ्या छातीला तो सोसत नाही एवढं सांगितलं, आणि विचारलं, "त्याला घरात येऊ द्यायचं नाही, तर गावातच का येऊ द्यावं? खापर शिवेवर ठेवलं तर?"

सुकलूने खापर फिरवून पाहिलं. "शिवेवर तं बुढे लोक ठेवत," तो म्हणाला. "पन मंग तुमच्या घरी धूर नाई राहीन. तुमी उघडे पडान."

"पडू दे."

"तुमची हिंमत," तो म्हणाला, आणि खापर उचलून शिवेकडे निघाला.

कांताने चूल बाहेरच्या मांडवात नेली, खिडकीतल्या चिंध्या काढल्या, गोधड्या उन्हात टाकल्या. मी दोन्ही वेळा तपकिरी पंप घेऊ लागलो. पहिल्या काही संध्याकाळी काहीच फरक पडला नाही. उलट शिटी जवळ आली. आधी ती सागांतून यायची. मग ती शाळेच्या विहिरीपाशी आली. मग एकदा आम्ही जेवायला बसलो असताना मागच्या कुडापलीकडून आली, इतकी जवळून की कांताचा घास हातातच राहिला. लांब, अडखळ, आखूड. माझी छाती वाजून संपली होती. पुढचा श्वास सोडायला मला भीती वाटली.

"खापर आणू का?" कांता कुजबुजली.

माझ्या ओठांवर हो आलं होतं. खोलीत पुन्हा तो गोड धूर असावा, दार बंद असावं, असं मला फार वाटलं. पण बाई म्हणाल्या होत्या, गुण यायला वेळ लागतो. मी निळा पंप घेतला, श्वास धरला, सोडला. छाती सैल झाली. कुडापलीकडे काहीतरी थोडं सरकलं, वाळली पानं वाजली, आणि ते दूर गेलं.

"नको," मी म्हणालो.

होळी जवळ आली. पळसाला फुलं आली. एका पहाटे मी जागा झालो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुष्कळ वेळाने ध्यानात आलं, की माझी छाती शांत होती.

संध्याकाळी मी कंदील लावला आणि सोमारीच्या घरी गेलो. सुकलू अंगणात होता.

"भाऊ, आज मुलं पाठवा. तुम्हीही या. मला एक धडा शिकवायचा आहे."

आली. सगळी नाही, पण आली, सुकलूच्या धोतराला धरून. दिवस अजून बुडाला नव्हता, म्हणून मी पपईचा देठ घेतला आणि वाजवला. मग तो सुरीने चिरून रुंद केला आणि पुन्हा फुंकला. नुसती हवा गेली. "छातीत असे देठ असतात," मी सांगितलं. "माझे सुजून अरुंद झाले होते. म्हणून वाजत होते." मग मी सायकलच्या ट्यूबचा एक लांब तुकडा काढला, त्याच्या टोकाला रॉकेल ओतायचं नरसाळं बसवलं होतं. नरसाळ्याचं तोंड छातीवर धरलं आणि दुसरं टोक पुढे केलं.

"कोण ऐकते?"

कुणी हललं नाही. बाहेर उजेड गेला. शेवटी सोमारी उठली. तिने ट्यूब कानाला लावली, डोळे मिटले. मी सावकाश श्वास घेतला, सावकाश सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

त्याच वेळी शिटी आली.

शाळेमागून. लांब, अडखळ, आखूड.

सगळी मुलं एकदम माझ्याकडे वळली. सुकलूचे डोळेही माझ्या छातीवर होते. मला त्या क्षणी स्वतःचीच खात्री नव्हती. सोमारी हलली नाही. तिने ट्यूब आणखी घट्ट दाबली, दुसऱ्या कानावर तळवा ठेवला, आणि ऐकत राहिली. बाहेर पुन्हा वाजलं.

"गुर्जीच्या छातीत नाई," ती म्हणाली. "इथी काईच नाई वाजत. नुसता वारा आहे."

"बराबर ऐक," सुकलू म्हणाला.

"आजा, तूच ऐक ना मंग!"

म्हाताऱ्याने ट्यूब घेतली. त्याने फार वेळ ऐकलं. बाहेरची शिटी थांबून थांबून येत होती, जशी पूर्वी यायची, उत्तराला जागा सोडून. आणि त्या जागेत आता काहीच नव्हतं. माझा श्वास येत होता, जात होता.

"गुर्जी बोलावत नाई," सुकलू शेवटी म्हणाला. ट्यूब त्याने जपून खाली ठेवली. "तोच बोलावून राह्यला गुर्जीले."

मग त्याने मुलांकडे पाहिलं. "बसा रे. गुर्जीजवळ बसा. इथून त्याले उत्तर जात नाई."

मुलं सरकून माझ्याजवळ आली, इतकी की कंदिलाला जागा उरली नाही. सोमारीने पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. मागे शिटी वाजत राहिली. तिने एकदाही मान वर केली नाही. बदलीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

रानकुत्रे असतील. मी मुलांना तेच सांगत आलो. पण रानकुत्रे आले आणि गेले, उन्हाळे आले आणि गेले, आणि ती शिटी तीच राहिली. मधली ती बारीक अडखळसुद्धा. ती माझ्या सुजलेल्या छातीची अडखळ होती. माझ्यातून ती निघून गेली, आणि बाहेर कुणीतरी ती जपून ठेवली.

एकदाच मी चुकलो. पुढच्या पावसाळ्यात छान बरं वाटत होतं, म्हणून तपकिरी पंप काही दिवस घेतला नाही. एका संध्याकाळी मी फळ्यावर लिहीत होतो. खिडकीच्या गजांबाहेर, अगदी माझ्या खांद्यामागे, ती वाजली. आणि माझ्या छातीत, फार आत, काहीतरी हळूच तिला लागून वाजलं.

मी खडू खाली ठेवला. मुलांना म्हणालो, "पुढचा धडा काढा." शाळेलगतच्या माझ्या घरात जाऊन पंप घेतला, श्वास धरला, सोडला, चूळ भरली. परत आलो तेव्हा मुलं वाचत होती.

तेव्हापासून चुकवलेला नाही. सकाळी एकदा, दिवस बुडताना एकदा. ती अजून येते. कधी सागांतून, कधी विहिरीपाशी. उत्तराला जागा सोडते, आणि थांबते.